अकरा वळणं

स्वारगेट, रविवार

मेहरुनआपा, सलाम.

मार्चअखेरच्या भूतानच्या सहा दिवसांच्या मोटरसायकल सहलीचा आराखडा मी तीनदा लिहिला. तिन्हींत तुम्ही माझ्या मागच्या सीटवर होतात. एकसष्टाव्या वर्षी तुम्हाला घाटात स्वतंत्र गाडी नको, हे पटवायला आज सकाळी वारज्याला तुमच्या घरी निघालो, तर तुम्हीच मोटरसायकलवर खडकवासल्याकडे वळताना दिसलात. मी न हाक मारता मागोमाग आलो.

मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बांधलेलं होतं. सामानाच्या वजनाची सवय करताय, हे जरा उशिरा कळलं. सिंहगडाचा घाट उतरताना मी तुमच्या ब्रेकचा लाल दिवा किती वेळा लागतो ते मोजलं. अकरा वळणांत तो दोनदा लागला. बाकी घाट तुम्ही खालच्या गिअरवर, इंजिनच्याच जोरावर वेग आवरत उतरलात. मी नऊ वेळा ब्रेक दाबला. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, कुणाकडे न शिकता शिकलो म्हणून मिरवतो, आणि हे मला येत नाही.

पायथ्याशी हेल्मेट काढून तुम्ही म्हणालात, "मकसूद, तुझे ब्रेक जळाल्याचा वास येतोय. चांगल्या गॅरेजवाल्याला दाखव."

हे पत्र टाकणार नाही. कौतुक वाचून तुम्ही आणखी सुनावाल. चौथा आराखडा मात्र उद्या आणून देतो. त्यात दोन गाड्या आहेत. पुढची तुमची.

तुमचा धाकटा भाऊ,
मकसूद