एक्केचाळीस नंबरची साखळी

आबा, मी भित्रा आहे हे तुम्हाला माझ्या लहानपणापासून माहीत होतं. विहिरीत पोहायला शिकवताना तुम्ही कमरेला दोर बांधून मला सोडलंत आणि मी एवढा आरडाओरडा केला की आईनं तुम्हालाच झापलं. आता ऐंशीच्या घरात आलो तरी फारसा फरक पडलेला नाही. मोशीत जिथं आपण कांदा लावायचो तिथं बारा मजल्यांची इमारत चढते आहे. वर क्रेन फिरते, तिच्या हुकाला काहीतरी लोंबकळत असतं, आणि मी दुधाची पिशवी आणायला गावाबाहेरून वळसा घालून जातो. सून हसते. तिला वाटतं म्हातारपणाचं खूळ आहे. मी तसंच वाटू देतो.

पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकत्याच कारखान्यांच्या शेडी उभ्या राहायला लागल्या होत्या. लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या लष्करी डेपोत तुम्ही अवजड पेट्या हलवायचं काम शिकला होतात, म्हणून कंत्राटदारानं तुम्हाला क्रेनवर मुकादम केलं. साहेब क्रेन म्हणत, तुम्ही शेवटपर्यंत यारीच म्हणालात. मी मॅट्रिक झालेला, त्याच जागी कारकून. यारीचे कागद माझ्याकडे. प्रत्येक साखळीच्या वरच्या कडीवर नंबर ठोकलेला असायचा आणि त्या नंबरचा तपासणीचा दाखला ऑफिसच्या कपाटात. रोज सकाळी हुकाला लावलेल्या साखळीचा नंबर डोळ्यांनी वाचायचा, दाखल्याशी ताडायचा, रजिस्टरात लिहायचा आणि खाली तुमचा अंगठा घ्यायचा. तोवर यारी हलवायची नाही, असा कायदाच होता. तुमच्या गड्यांना हा पोरखेळ वाटायचा. तुम्हाला मात्र नाही. आदल्या वर्षी इन्स्पेक्टरनं सव्वीस नंबरच्या साखळीला रॉकेल फासून पुसलं, वर खडू चोळला, आणि एका कडीवर केसाएवढी काळी रेघ उमटली. ती चीर तुमच्या हाताला कधीच लागली नव्हती. साखळी बाद झाली, भंगारात जायची ती तशीच कोपऱ्यात पडून राहिली, आणि त्या दिवसापासून तुम्ही मला म्हणायला लागलात, "माज्या हातापरीस तुजा कागद खरा हाय." मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

खंडेनवमीला तुम्ही सगळ्यांनी यारीची पूजा केलीत. झेंडूच्या माळा घातल्या, हुकाला आणि बाहेर होत्या त्या साखळ्यांना तेलात कालवलेला शेंदूर माखला. बाद झालेल्या सव्वीस नंबरलाही माखला, कारण तिनंही आपली ओझी उचललीत, तिला कसं वगळायचं, असं तुमचंच म्हणणं पडलं. दसरा करून कामावर आलो तर हुकाला साखळी चढलेली होती आणि कडीवर शेंदराचा जाड थर. नंबर वाचायचा तर तो खरवडायला हवा. चार गडी बघत उभे होते. पूजेचा शेंदूर नखानं खरवडायची माझी छाती झाली नाही. रोज एक्केचाळीस नंबरचीच असायची, तीच असणार, असं म्हणून मी एक्केचाळीस लिहिलं. तुम्ही नेहमीसारखं बोट धोतराला पुसून अंगठा उठवलात.

दहाच्या सुमाराला मी शाई आणायला कोठीत गेलो. समोर खुंटीला साखळी लटकत होती. कोठीवाल्यानं सणाला ती आत आणून आपली वेगळी पूजा केली होती, कडीला नुसता टिळा लावला होता. टिळ्याखाली नंबर स्वच्छ दिसत होता. एक्केचाळीस. तेवढ्या जाडीची दुसरी साखळी एकच होती, आबा, कोपऱ्यातली, आणि गड्यांनी तीच हुकाला चढवली होती. मला ते समजायला एक क्षणही लागला नाही.

मी बाहेर येतो. रजिस्टर काखेत आहे. शेडचं छप्पर पेलणारी लोखंडी त्रिकोणी कैची जमिनीपासून दोन पुरुष वर गेली आहे आणि तुम्ही तिच्या बरोबर खाली, एक हात वर करून ड्रायव्हरला खुणा करता आहात. साहेब माझ्यापासून दहा पावलांवर. मला फक्त "थांबवा" म्हणायचं आहे. म्हटलं की साहेब विचारणार का, आणि रजिस्टर उघडणार. मी कैचीकडे बघत नाही, तुमच्याकडेही नाही, शेंदराच्या त्या लाल ठिपक्याकडे बघतो आणि मनातल्या मनात खंडोबाला नवस बोलतो. साखळी करकरते. कैची वर जाते, भिंतीवर बसते. मला वाटतं, सुटलो, आता सांगू. तेवढ्यात तुम्ही दुसरी बांधायला घेता. दुसरीलाही मी गप्प. तिसरीलाही गप्प. तीन वेळा तुम्ही त्या चिरेखाली उभे राहिलात आणि तीन वेळा मी नोकरीला घाबरून तुम्हाला तिथं उभं राहू दिलं.

वर्षाच्या तपासणीचा इन्स्पेक्टर दुपारी आला. त्यानं साखळी खाली घ्यायला लावली, खिशातला चाकू काढला आणि गडी हळहळत असताना शेंदूर खरवडला. सव्वीस. मग रजिस्टर मागितलं. एक्केचाळीस. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही डोक्यावरचं मुंडासं काढून पुढं झालात.

"साहेब, नंबर म्या सांगितला. त्यो निस्ता लिवनारा हाय."

अक्षरओळख नसलेल्या माणसानं नंबर कसा सांगितला, हे कुणी विचारलं नाही. साहेबांना एक माणूस हवा होता, तो मिळाला. तुमची मुकादमी त्याच जागी गेली. माझी नोकरी राहिली, पुढं बढत्याही मिळाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत मी लोकांना शिकवत राहिलो की नंबर डोळ्यांनी वाचल्याशिवाय लिहू नका. माझा दरारा होता म्हणतात. भीतीचाच होता तो, फक्त भीती माझी होती.

त्या संध्याकाळी आपण सायकलवरून घरी निघालो. मी पेडल मारत होतो, तुम्ही मागं कॅरियरवर. भोसरी आली. मग पाठीमागून, अगदी साध्या आवाजात विचारलंत, "साखळी वर व्हती तवा तुला ठावं न्हवतं न्हवं?"

"न्हाई, आबा," मी म्हणालो.

"मंग झालं," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. तुम्ही आणखी एकोणीस वर्षं जगलात. कांदा लावलात, नातवंडं खेळवलीत, आणि माझा पोरगा चुकला पण खोटा नाही, एवढं मनाशी धरून गेलात.

हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं असं वाटतं, पण त्याचा उपयोग झाला नसता. घरात आलेलं प्रत्येक पत्र तुम्हाला मीच वाचून दाखवायचो. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि कोठीतल्या खुंटीपाशी आल्यावर मी दुसरंच काहीतरी वाचलं असतं.