कोपऱ्यातला हत्ती

शनिवार, १४ ऑक्टोबर

चिमणे,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तू आम्हाला विसरलीस. आठवावं म्हणून सांगते, मी तुझी आजी. तुझ्या आईची आई. बुटकी, दात थोडे, तोंड मोठं. एवढ्यावर ओळख पटली नाही तर आईला विचार, ती अजून विसरलेली नाही.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतंय कोण. हे पत्र वरच्या मजल्यावरची शिवणवाली लिहून देतेय. तिला बजावलंय, मी बोलेन तेच उतरव, मध्ये आपली झालर लावू नकोस. तुला फोनच केला असता. पण फोन तुझ्या आजोबांच्या खिशात असतो आणि त्यांचे कान भिंतीपलीकडचंही ऐकतात. कान उत्तम आहेत हो त्यांचे.

आधी बुद्धिबळाचं सांगते.

काल मोठा सामना झाला, तू पाहिला असशीलच. आपला चष्मेवाला आणि तो उंच मानेचा. जगातल्या पहिल्या रांगेतले दोघे. घड्याळजीच्या दुकानात नेहमीची मंडळी जमली होती. तिथली रीत तीच: घड्याळजी फोनवर पाहून खेळी मोठ्यानं वाचतो, आणि काउंटरवरच्या लाकडी पटावर मोहरे हलवायचा मान फक्त तुझ्या आजोबांचा. दुसऱ्या कोणी बोट लावलं तर असे बघतात की जणू त्यांच्या ताटातलं उचललं. मी थर्मास घेऊन दाराशी स्टुलावर. अक्षर मला येत नाही, त्यामुळे ती खेळ्यांची अक्षरं-आकडे डोक्यावरून जातात. पण कोणाचं तोंड किती उतरलंय त्यावरून डाव कुठवर आला ते मी बिनचूक सांगते.

तर काल आपल्या लोकांची तोंडं सुरुवातीपासूनच उतरलेली. चष्मेवाल्याचं एक प्यादं गेलं, मग दुसरं. उंच मानेचा त्याला एकेका घरानं मागे रेटत होता. फक्त तो बसचालक खुशीत. तो उंच मानेच्याच्या बाजूचा. आजोबांना चिडवायलाच त्याची बाजू घेतो असं माझं मत आहे.

शिवणवाली म्हणते, “आजी, कागद संपत आला, मुद्द्यावर या.” येते बाई.

तुझ्या आजोबांना काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, कडेकडेचं नाहीसं होत चाललंय. दाराची चौकट खांद्याला लागते आणि दोष सुताराला. कप टेबलाच्या कडेवर ठेवतात, तो पडतो आणि दोष मला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शस्त्रक्रिया करा. गेलेली नजर परत येणार नाही, पण जी आहे ती राखता येईल. थांबलात तर हेही जाईल. ह्यांनी उत्तर काय द्यावं? “गेलेलं परत येणार नसेल तर कापून घ्यायचं कशाला?” आणि टोपी घालून निघाले. तारीख मात्र मी घेऊन ठेवली. येता मंगळवार नाही, त्याच्या पुढचा. तेव्हापासून घरात हा विषय काढायची चोरी. आणि बाहेर कोणाला सांगितलंस तर याद राख, अशी ताकीद. त्या ‘कोणाला’मध्ये पहिलं नाव तुझं.

तर काल डाव अगदी रंगात आला असताना हे मागे तोंड धुवायला गेले. हल्ली सारखे जातात. पाण्यानं डोळ्यांपुढचं धुकं जाईल असं वाटतं बिचाऱ्यांना. तेवढ्यात दोन खेळ्या झाल्या. नाइलाजानं घड्याळजीनंच मोहरे हलवले. चष्मेवाल्याचा हत्ती मागच्या रांगेत, पार डावीकडच्या कोपऱ्यात गेला.

हे परत आले. पटावर वाकले. आणि एकदम ताठ झाले.

“संपलं,” म्हणाले. “आता समोरच्याचा हत्ती खाली उतरतो आणि मात. उठा, आपापल्या कामाला लागा.”

कोणी उठेना. बसचालक हसला. “काका, मात कशी? राखायला तुमचा हत्ती उभा आहे की.”

“कुठला हत्ती?”

“हा काय, कोपऱ्यात.”

“कुठल्या कोपऱ्यात?”

चिमणे, दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली. हे मान वळवून वळवून पट शोधत होते, रांगेनं, जशी अंधारात किल्ली शोधावी. बसचालकाचं हसू तोंडातच राहिलं. ह्यांनी हात पुढे केला, आणि बाहीच्या धक्क्यानं तोच हत्ती खाली पडला. दिसला नाही, पडल्याचा आवाज तेवढा ऐकला.

घड्याळजीनं वाकून तो उचलला, शर्टाला पुसला, कोपऱ्यात ठेवला. मला वाटलं, आता हे टोपी घालतील आणि जातील, आणि मग तो मंगळवार कायमचा गेला.

हे खाली बसले. डोळे मिटून घेतले. म्हणाले, “हत्ती कोपऱ्यात आहे ना? ठीक. तू वाच. मी ऐकतो.”

मग जे झालं ते मी माझ्या भाषेत सांगते. घड्याळजी उंच मानेच्याची खेळी वाचायचा, आणि चष्मेवाल्याची यायच्या आधी हे डोळे मिटूनच पुटपुटायचे. “बाजूनं शह दे. परत दे. दम घेऊ देऊ नकोस त्याला. नाही, नाही, राजा हलवू नकोस... शह.” घड्याळजी वाचायचा: शह. पुन्हा: शह. एकदा बराच वेळ खेळीच येईना. ह्यांच्या कपाळावरची शीर उडताना मला स्टुलावरून दिसत होती. थर्मास मी असा घट्ट धरला होता की झाकण कोणाला उघडता आलं नसतं. तेवढ्यात घड्याळजी म्हणाला, “हात मिळवले. बरोबरी.”

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण गप्प बसेल तो बसचालक कसला. “दिवसभर रगडून शेवटी अर्धाच गुण!”

“अर्धाच?” हे असे उसळले! “अरे, जिंकायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं! गेलेली प्यादी काय परत येतात? जे उरलं होतं ते त्यानं राखलं. शेवटपर्यंत. त्याला खेळणं म्हणतात, गाढवा.”

आणि मग स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर गेलं. म्हटलं ना, कान उत्तम आहेत.

मी थर्मास उघडत म्हटलं, “हे जरा डॉक्टरांना सांगा हो. तेही हेच म्हणत होते, फक्त त्यांच्याकडे पट नव्हता.”

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण घरी येताना पायऱ्यांपाशी माझं कोपर धरलं. भर रस्त्यात, संसारात पहिल्यांदा. दार उघडताना विचारलं, “मंगळवारी किती वाजता बोलावलंय?”

“सकाळी. उपाशीपोटी.”

“उपाशी? तुला आधी सांगता येत नाही?”

म्हणजे जाणार.

मी जिंकले, असं तू म्हणशील. बाहेर मीही तसंच मिरवते. पण हे वाक्य शिवणवालीनं दोनदा विचारून लिहिलंय: डॉक्टर असंही म्हणाले होते की क्वचित कधी उलटही होतं, आणि असलेलं जातं. त्याची मी ह्यांना पुन्हा आठवण करून दिली नाही. माझ्या बोलण्यावर गेले आणि पटच विझला, तर मी त्या घरात कोणत्या तोंडानं दिवा लावू? एवढं मोठं तोंड माझं, पण हे कोणाशी बोलता येत नाही. म्हणून तुला.

तू रुसलीस ते मला माहीत आहे. फोनवरच्या डावात तुझ्या उंटानं त्यांचा वजीर खाल्ला आणि ते म्हणाले, पोरगी लबाडी करते. माफी ते मागणार नाहीत, त्यांच्या घराण्यात ती पद्धत नाही. पण काल जेवताना विचारलं, “चिमणीचा उंट तेव्हा कोपऱ्यात होता का गं?” मी म्हटलं, होता. म्हणाले, “हं.” त्या ‘हं’ची किंमत तू जाण.

तेव्हा त्या मंगळवारनंतर, डोळ्यांवर पट्टी असेल तेव्हा, फोन कर. खेळी बोल, ते डोळे मिटून खेळतील. मुद्दाम हरू नकोस, ओळखतील. मी कळवलं असं म्हणू नकोस, तेही ओळखतील, पण म्हणू नकोस.

तुला धरून उभी असलेली,
आजी
(अंगठा माझाच आहे, शाई शिवणवालीची.)

ता. क. काही दिवस त्यांना जोर लावून चावायचं नाही. मऊ खजूर पाठव, बिया काढलेले. आणि बिया तूच काढ, दुकानदारावर विसंबू नकोस. एखादी राहिली तर त्यांना दिसणार नाही, आणि दात दुखावला तरी ते सांगणार नाहीत.