तात्यांच्या शिक्क्याचा साग

कल्याण,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८११

प्रिय गोविंदा,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे सुखरूप आहेत. अठरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम एवढा जाडजूड कागद आला म्हणजे तू भलतंच काही समजशील, म्हणून हे आधी लिहिलं. मोडी मला अजून वळत नाही, बाळबोधच लिहिते. ही अक्षरं तशी तुझीच आहेत. तू शाळेतून येऊन फळीच्या तुकड्यांवर कोळशाने गिरवायचास आणि ते तुकडे चुलीत घालण्याआधी मी वाचून काढायची. तू दर दिवाळीला भुसावळहून लुगडं पाठवतोस, चिठ्ठी मात्र कधी पाठवत नाहीस. मीही कधी पाठवली नाही, तेव्हा तक्रार कोणी कोणाची करायची?

आधी बातमी सांगते. आपल्या स्टेशनाजवळ नवी धर्मशाळा झाली आहे. तिला सहा हात उंचीचा दुदारी दरवाजा बसवला. एकेका दाराला तीनच अखंड फळ्या, कुठल्याच फळीला तुकडा जोडलेला नाही, लाकडात एकही गाठ नाही. आता जंगल खात्याने सागाला हात लावायची सोय ठेवलेली नाही, त्यामुळे इतक्या रुंदीची फळी गावात कोणी पाहिलेली नाही. लोक येऊन हात फिरवून जातात. तो दरवाजा मी केला. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं, आणि खोडलं नाही.

तुझ्या दाजींच्या हाताचं तुझ्यापर्यंत पोचलं असेल की नाही, ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी वखारीत ओंडक्यांची थप्पी घसरली आणि त्यांचा उजवा हात सापडला. हात राहिला, पण मूठ मिटत नाही. एवढा मोठा कारागीर दिवसभर घरच्या सुतारी कारखान्यात भिंतीकडे पाहत बसायचा. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे हत्यार उचलणारं घरात दुसरं कोणी नाही. एक दिवस मी करवत मांडीवर घेतली आणि दाते घासायला लागले. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "कानस उलटी धरलीयेस." तिथून सुरुवात झाली. पाट केले, पोळपाट केले, पाळणे केले. ते सांगायचे, मी करायची. घेणाऱ्यांना वाटायचं, विठ्ठल सुतार डाव्या हाताने करतो. आम्ही त्यांना तसं वाटू दिलं.

पुढच्या वर्षी फाल्गुनात, अवसेच्या मोठ्या ओहोटीला, कोपरचा दगडू कोळी धावत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, श्वास लागलेला. तिवरांच्या झाडीमागे खाडीचं पाणी कधी नाही इतकं खाली गेलं होतं आणि तिथे त्याच्या होडीचा तळ कशावर तरी घासला. मला म्हणाला, "ताय, लाकडा हायेत. मोठी लाकडा. आन् तुज्या बापाचा सिक्का हाय त्यांच्यावर." मी हातातलं पीठ तसंच टाकून गेले. कंबरेएवढ्या चिखलात उतरले. ओंडक्याच्या तोंडावरचं शेवाळ हाताने पुसलं, तर खाली त्रिशूळ आणि दोन टिंबं. तात्यांचा शिक्का. बोट घालून पाहिलं, कड अजून जशीच्या तशी होती.

तो आपला तराफा होता, गोविंदा. मुरबाडच्या लिलावातला बावीस ओंडक्यांचा, ज्याच्यासाठी तात्यांनी घर गहाण टाकलं होतं. ओला साग बुडतो म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना बांबूच्या मोळ्या बांधल्या होत्या, तो काळू नदीतून आंबिवलीपर्यंत आणला होता, आणि श्रावणातल्या त्या पुरात एका रात्रीत नाहीसा झाला. पुढचं तुला मी काय सांगावं? तात्या चारचौघांत तुला काय बोलले, तू कुठल्या गाडीने गेलास, आणि चार वर्षांनी त्यांच्या तेराव्याला येऊन उंबऱ्याबाहेर बसून संध्याकाळच्या गाडीने कसा परत गेलास, हे सगळं तुझ्याइतकंच मला आठवतं.

खाडीतलं लाकूड सरकारचं, असं सगळे म्हणाले. दाजी म्हणाले, शिक्का आपला आहे तर लाकूड आपलं. तात्यांचा शिक्क्याचा हातोडा मी माळ्यावरून काढला आणि मांडीवर घेऊन ठाण्याच्या कचेरीत गेले. कारकून आधी दाजींशीच बोलत होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दगडूने कापून आणलेला ओंडक्याच्या तोंडाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्याच्या खुणेत हातोड्याचं तोंड बसवलं. चपखल बसलं. कारकुनाने विचारलं, "हा कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या बापाचा." तीन खेपा घालाव्या लागल्या, पण परवाना माझ्याच हातात दिला.

ते लाकूड बाहेर काढायची युक्ती दाजींची. हात गेला तरी डोकं शाबूत आहे हे त्या दिवशी त्यांचं त्यांना पटलं असावं. बैल लावले असते तर बैलच रुतले असते. त्यांनी दगडूला सांगितलं, ओहोटीला दोन रिकाम्या होड्या ओंडक्यावर आणून आवळून बांध आणि स्वस्थ बस. भरती आली, होड्या उचलल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर चिखलाने अठरा वर्षं… नाही, तेव्हा सोळा झाली होती… सोळा वर्षं धरून ठेवलेला ओंडका हुंकार दिल्यासारखा आवाज करून सुटला. दाजी काठावर उभे राहून ओरडत होते, दगडू शिव्या देत होता, आणि मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. चौदा ओंडके मिळाले. बाकीचे समुद्राला गेले असतील.

आता चिरायचे कसे? भिवा करवत्या दाजींच्या जोडीला वीस वर्षं लाकूड चिरायच्या खड्ड्यात उभा राहिलेला माणूस. वरच्या करवत्याने रेघ सांभाळायची, खालच्याने ओढायची, हे तुला माहीतच आहे. वर मी उभी राहणार म्हटल्यावर त्याने पागोटं उचललं आणि चालता झाला. बाईमाणूस डोक्यावर उभी राहणार, हे त्याला पटेना. आठ दिवस मी एकटीच ओंडक्यावर चढून, गेरूत भिजवलेलं सूत ताणून रेघा मारत राहिले. नवव्या दिवशी तो येऊन खड्ड्याच्या काठावर बसला. रेघांकडे पाहिलं. मग खाली उतरला आणि म्हणाला, "वैनी, रेघ सोडलीत तर मी हात सोडीन." मी रेघ सोडली नाही. पहिल्या दिवशी तळहातांचं कातडं सोललं, तिसऱ्या दिवशी खांदा वर उचलेना, मी डाव्या हाताने भाकरी खाल्ली. गल्लीतल्या बाया पाणी भरायच्या निमित्ताने येऊन पाहून जायच्या.

पहिली फळी सुटली. वरून बोटभर काळं, मऊ, कुजकं. आणि त्याच्या आत मधासारखा गडद साग, तेलकट, घट्ट, वास असा की आई देवघरात तुपाचं निरांजन लावायची त्याची आठवण झाली. भिवा खड्ड्यातून भुशाने माखलेलं तोंड वर करून म्हणाला, "तात्या असते तर!" दाजींनी त्याला डोळ्याने गप्प केलं. पण मला वाईट वाटलं नाही. मला फार अभिमान वाटला, तो मी कुठे ठेवू मला कळेना.

खाऱ्या पाण्यातली फळी उन्हात टाकली तर तडकून फुटते. आम्ही विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतल्या, वारा खेळावा म्हणून मध्ये लाकडाच्या चिपा घालून सावलीत रचल्या, आणि सव्वा वर्ष त्यांना हात लावला नाही. ते सव्वा वर्ष काढणं करवत ओढण्याहून कठीण गेलं. धर्मशाळेचं काम भाऊ मिस्त्रींकडे. तात्यांबरोबर काम केलेले, आता म्हातारे झालेत, पण जीभ तशीच. ते म्हणाले, "खाडीत सडलेलं लाकूड माझ्या चौकटीला? आणि करणार कोण, हौसा, तू?" मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर एक फळी लाकडी घोड्यावर चढवली आणि रंधा मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कागदासारखी साल निघाली. त्यांनी ती उचलून उजेडापुढे धरली. मग फळीला नख लावून पाहिलं, नखच दुमडलं. म्हणाले, "दिवाळीनंतर बसवायचा आहे. उशीर चालणार नाही."

उशीर झाला नाही. मागच्या सोमवारी दरवाजा बसवला. चौकटीत दोन्ही दारं उभी केली, मी एका बोटाने ढकलली, आणि ती आवाज न करता येऊन मिटली. मधल्या फटीत सुपारीचं खांडही जाईना. पन्नासएक माणसं जमली होती, आपल्या जातीतली सगळी थोरली मंडळीही होती. भाऊ मिस्त्रींनी माझ्या हातात नारळ दिला, मी फोडायचा म्हणून. असा मान गावात कुठल्या बाईला मिळालेला मी पाहिला नाही. आणि मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्यांचं लाकूड पोराने घालवलं, पोरीने परत आणलं. वाघीण आहे!"

लोकांनी माना डोलावल्या. कौतुक माझ्या पायाशी येऊन पडलं होतं, गोविंदा, नुसतं वाकून घ्यायचं होतं. मी नारळ खाली ठेवला. म्हटलं, "पोराने घालवलं नाही." भाऊ म्हणाले, "अगं, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे." मी म्हटलं, "नाही जाऊ देणार." आणि सांगितलं. तराफ्याचा काथ्याचा दोर ओढून काढला तेव्हा त्याच्या टोकाला आंबिवलीचा खुंटच आला होता, ऐनाच्या लाकडाचा, बुडखा जाळून काळा केलेला, तात्या स्वतः रोवायचे तसा. काथ्या खाऱ्या चिखलात कुजत नाही, उलट मुरतो. गाठ खुंटावर होती तशी होती. पुराने काठच कोसळवला आणि खुंटासकट तराफा नेला. गर्दीतून दगडू पुढे आला आणि म्हणाला, "मी वडला तो खुंट. गाठ सुटली नवती. सोराया गेलो त माजी नखा तुटली." भाऊ मिस्त्रींनी नारळ उचलून पुन्हा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "गोविंदाला कोणी कळवलंय का?"

कळवलं नव्हतं. तो खुंट सापडून पावणेदोन वर्षं झाली आणि मी तो कारखान्याच्या कोपऱ्यात भुशाखाली पुरून ठेवला होता. दाजींना ठाऊक होतं, ते कधी बोलले नाहीत. मी का लपवला, तेच सांगायला हा कागद घेतला आहे, बाकीचं सगळं त्याला चिकटून आलं. खरं काय ते कळायला मला खुंट सापडण्याची गरजच नव्हती. त्या संध्याकाळी मी तात्यांच्या बैलगाडीतून आंबिवलीला तुमच्यासाठी भाकरी घेऊन आले होते, आणि तू तराफा बांधताना मी पाहिलं होतं, तात्या तेव्हा काठावर नव्हते. तीन वेढे घातलेस, पाय खुंटाला लावून मागे रेलून आवळलास, मग हाताला फुंकर घातलीस. दुसऱ्या दिवशी तात्या सगळ्यांपुढे म्हणाले की तू बांधलाच नाहीस, गावात तमाशा बघायला गेलास. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. मी तात्यांची लाडकी होते आणि त्यांच्या त्या रागापुढे उभं राहून ते लाडकेपण घालवायचं धाडस मला झालं नाही, एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. ते अंथरुणाला खिळले तेव्हा तरी सांगायचं होतं, तेव्हाही जमलं नाही. लोकांपुढे सोमवारी खुंटाचं सांगितलं, पण हे नाही सांगितलं. हे आधी तुझ्या कानावर जायला हवं, मग गावाला सांगेन. तू माझ्यावर रागाव, हवा तेवढा रागाव, पण भुसावळला बसून नको, इथे येऊन रागाव. स्टेशनातून बाहेर पडलास की दरवाजा समोरच दिसेल, तिकडे वळू नकोस. आधी घरी ये. मला जे बोलायचं ते बोलून घे, गरम भात जेव, आणि मग आपण दोघं मिळून बघायला जाऊ.

तुझीच थोरली,
हौसाआक्का