लहान तोंडाचं जहाज

प्रिय पी मेक,

घरून पत्र आलं म्हटल्यावर तुझं धाबं दणाणलं असेल, म्हणून आधी खुशाली सांगून टाकते. सगळे धडधाकट आहेत. बाबांचा खोकला होता तसाच आहे. लामियातचा सोंगखलाहून निरोप आला, सासूच्या हातचं तिखट सोसत नाही एवढंच पोरीचं दुःख आहे, जावई चांगला वागवतो. घराखालचे दोन बांबू कुजले होते ते बदलून घेतले, त्यामुळे आपलं घर आता नदीवर सरळ तरंगतंय. तू गेलास तेव्हा कललं होतं आणि आल्यावर बघतो म्हणाला होतास, तर आता बघायला काही उरलेलं नाही.

आता खरी बातमी. तुझ्या नव्या जहाजाचं काम मी थांबवलंय. सेंगकाका तुझ्या जुन्या जहाजाच्या मापाने वरच्या आडव्या तुळया कापायला बसला होता. मी गोदीत जाऊन त्याला म्हटलं, करवत खाली ठेव, जहाजाचं तोंड चांगलं अर्ध्या वावेने, दोन हात, रुंद करायचं. पत्र चुरगाळून टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचं ते रागव. तुला 'पी' म्हणते ते तू वयाने मोठा म्हणून, अकलेने मोठा म्हणून नाही, हे मी लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं.

तोंडपट्टीचा कर जाणार हे तुला सिंगापुरात कळलंच असेल. इथे तर सगळ्या नदीवर दुसरा विषय नाही. सोंगक्रानचं नववर्ष झालं की नवा नियम सुरू. इंग्रजांचा बावटा लावून येणाऱ्या जहाजाचं तोंड कोणी मोजणार नाही, जी काय जकात ती आतल्या मालावर. तुझा भागीदार सिंगापूरचा, जहाज त्याच्याच बावट्याखाली चालणार, म्हणजे आपलीही सुटका. मी ऐकलं आणि मला आधी हसू आलं, मग का कोण जाणे डोळ्यांत पाणी आलं. आपल्या दोघांचा सगळा संसारच या पट्टीने बेतलेला होता ना.

आठवतं का, पाकनामला मी बाबांचा डबा घेऊन यायची? समुद्रातून नदीत शिरणारं प्रत्येक जहाज तिथे थांबायचं, बाबा दोरी घेऊन वर चढायचे आणि या काठापासून त्या काठापर्यंत त्याचं तोंड मोजायचे. जेवढं तोंड तेवढी पट्टी. पोटात साखर आहे, रेशीम आहे की नुसते दगड, ते कोणी विचारायचं नाही. मग काय, आमचे सुतार लागले जहाजं वरून आवळायला आणि खालून फुगवायला. तुझं जहाज त्या सगळ्यांच्या वरताण होतं. बाबांनी दोरी ताणली, पुन्हा ताणली, वाकून खाली पाहिलं आणि खो खो हसत सुटले. म्हणाले, "काय रे पोरा, हे जहाज आहे की लोणच्याची बरणी?" तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस. टोपलीतून मँगोस्टीनचं फळ उचललंस आणि बाबांऐवजी माझ्यापुढे धरलंस. संध्याकाळी बाबा आईला सांगत होते, "जसं जहाज तसा त्याचा नाखवा. तोंड लहान, पोट मोठं. पिकुल याच्याशी लग्न करणार असेल तर करू दे, पण याच्या पोटात काय आहे ते तिला जन्मभर कळायचं नाही." मी पडद्यामागे ऐकत होते. मनात म्हटलं, मी काढीन की शोधून! बाबा मापात कधी चुकत नसत, हे तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

आता सेंगकाकाचं ऐक. तुला वाटेल, म्हाताऱ्याने माझं सहज ऐकलं असेल. छे! मी गोदीत उभी राहून त्याला नवा नियम समजावून सांगितला, त्याने मान डोलावली, विडा थुंकला, म्हणाला, "समजलं, बाई, समजलं. पट्टी गेली. आता तोंड मोकळं." आणि कोळशाने पुन्हा तीच जुनी खूण केली. मी म्हटलं, "काका, हे काय?" तो स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "माझ्या बापाने बरगडी आत वळवली, मी आत वळवली. हा हात ऐकत नाही गं." पुसून पुन्हा खूण केली, तर पुन्हा आतच! त्याचे कारागीर फिदीफिदी हसायला लागले तसा त्याने त्यांना त्याच्या चिनी गावच्या, स्वाटाऊच्या भाषेत सणसणीत शिवी हासडली आणि मग स्वतःही हसला. मग माझ्यावर उलटला. "पण नाखव्याने निरोप दिलाय, जुन्या मापाने कर. नाखवा येऊन मला विचारेल तेव्हा काय सांगू? बायकोने तोंड उघडलं म्हणून जहाजानेही उघडलं?" मी म्हटलं, "हेच सांगा."

तू जुनं माप का सांगितलंस, तेही मला ठाऊक आहे. तो नियम मोडण्याचा हट्ट नाही की भागीदाराची भीती नाही. तुला दुसरं माप सुचलंच नाही. सेंगकाकाचा हात तसं तुझं डोकं. इतकी वर्षं त्या चिंचोळ्या फळीवर अंग चोरून चाललास की आता आपल्या घरातही भिंतीला धरून चालतोस. लामियात लहानपणी तुझी नक्कल करायची आणि तू तिला रागवायचास, ते आठवून मी परवा एकटीच हसले.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते जहाज नाही, मेक. सामुई बेटाच्या पलीकडे काय झालं ते मला माहीत आहे. त्या पावसाळ्यात तू घरी आलास, हाताची सालं निघालेली, आणि मी विचारलं तर म्हणालास, "पाऊस फार होता." बस्स, तेवढंच. पुढे तुझा स्वयंपाकी माझ्याकडे सुपारी मागायला आला आणि त्याच्या तोंडून सगळं निघालं. "काय सांगू, बाई, जहाज जे कुशीवर झोपलं ते उठेचना. वरून आवळलेलं, तोल सावरायला रुंदी नाही, सगळं ओझं पोटात, आणि पोटातला माल सरकला एका अंगाला. नाखवा सुकाणूला लोंबकळत होते आणि आम्ही आपापल्या आयांना हाका मारत होतो." त्या रात्री मी तुझ्या जेवणात मूठभर मिरच्या जास्त घातल्या. तू त्याही मुकाट्याने खाल्ल्यास, वर पाणीसुद्धा मागितलं नाहीस. मला तुझा इतका राग आला होता आणि तू जिवंत समोर बसून जेवतोयस याचा इतका आनंद झाला होता की दोन्ही एकदम कसं सांगायचं ते कळेना. म्हणून बोलले नाही. तोंडपट्टी काय ती एकट्या तुझ्यावरच होती असं नाही.

असो. भागीदाराचं म्हणणं मी तुझ्या वतीने पुरतं ऐकून घेतलंय. त्याचा माणूस आला होता, गुळगुळीत बोलणारा. म्हणे, रुंद जहाज वाऱ्यावर मंद चालतं आणि आता नदीत इतकी जहाजं येणार आहेत की जो सिंगापूरला आधी पोचेल त्याचाच तांदूळ विकला जाईल. येणार आहेत हे खरं आहे. तू गेल्यापासून नदीचा रंग बदललाय. आपल्या घरासमोर पूर्वी चिनी जंक जहाजं नांगरून असायची आणि मधून होड्या आरामात जायच्या. आता उंच डोलकाठ्यांची गलबतं, त्यांच्यामधून धूर सोडत जाणारी आगबोट, आणि तिच्या लाटेने आपलं घर असं डुलतं की उकळतं कालवण चुलीवरून खाली येतं. मी त्या माणसाला म्हटलं, मंद तर मंद, पण सरळ उभं राहणारं जहाज हवं. उलटलेलं जहाज आधी पोचत नाही. बाबा बाजूला बसले होते, ते गालातल्या गालात हसत होते.

बाबांचं मात्र मला वाईट वाटतं. सोंगक्राननंतर दोरीला काम उरणार नाही म्हणून त्यांना आतापासूनच घरी बसायला सांगितलंय. कोणी वाईट वागलं नाही, उलट मानाने पाठवलं, पण माणूस सैरभैर झालाय. ओसरीवर बसून येणाऱ्या जहाजांकडे बघतात आणि पुटपुटतात, "दोन वाव. अडीच. हे लबाड आहे." मग मी एक केलं. त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर गोदीत, काकाचा हात ऐकत नाही, तुमची दोरी ऐकेल. आले. कपडे करून, डोक्याला फडकं बांधून, पाकनामला जायचे तसे आले. सेंगकाका आणि ते एकमेकांचे जुने वैरी. हा आयुष्यभर तोंडं लहान करणारा आणि ते मोजणारे. बाबांनी दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं घेऊन मागे मागे सरकत गेले आणि ओरडले, "अजून! अजून! आयुष्यभर चोरलंस, आता दे परत!" काका तिकडून ओरडला, "अहो, नदीत पडाल!" सगळी गोदी हसत होती. बाबा थांबले तिथे काकाने खुंटी ठोकली. तेच तुझ्या जहाजाचं नवं तोंड. तुळया त्या मापाने कापून झाल्यात, त्यामुळे त्याबद्दल आता तुला काहीही करता येणार नाही. सुरुवातीला लिहिलं काम थांबलंय, ते तुळयांचं नव्हे, जे थांबलंय ते पुढे सांगते.

लामियात गेल्यापासून घरात माझाच आवाज मला ऐकू येतो. लग्न झालं त्या वर्षी मी म्हटलं होतं, मलाही ने, तेव्हा तू म्हणालास जागा नाही, आणि खरंच नव्हती, मी बघितली होती तुझी खोली, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. पुढच्या वर्षी लामियात पोटात होती. मग ती लहान होती. एकदा तू म्हणालास, "नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकावर, देवी बसलीय. एका जहाजात दोन बायका नांदत नाहीत." तुझं आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य तेच असेल, आणि तेही मला नाही म्हणायला! मग मी विचारायचं सोडून दिलं. लोकांना सांगू लागले, मला बाई समुद्र सोसत नाही. इतक्या वेळा सांगितलं की बाबांनाही ते खरं वाटतं. उत्तरेचा वारा सुटला की तू जायचास आणि मी घाटावर उभी राहून हसत हात हलवायची, मग घरी येऊन भांडी घासत बसायची. घासलेलीच भांडी घासायची, मेक. परवा नव्या नाळेला फुलं आणि रंगीत कापड बांधायला गेले तेव्हा देवीलाच विचारलं, काय गं, तुला माझी अडचण होईल का? ती काही बोलली नाही. तुझ्याकडे राहून शिकली असेल.

तर आता काय थांबलंय ते. मागची खोली. तोंड रुंद झालं म्हणून तीही रुंद झाली, आणि सेंगकाका रोज विचारतोय, "बाई, नाखव्याची झोपायची फळी एका माणसाची ठोकू की दोघांची?" लाकूड मी निवडलं, माप मी वाढवलं, तुझ्या भागीदाराच्या माणसाशी मी भांडले, कशालाही तुझी परवानगी मागितली नाही. एवढी एकच गोष्ट मात्र मला परस्पर ठरवायची नाही. फळी मी ठोकून घेतली तर तू मुकाट्याने सरकून जागा देशील, मला माहीत आहे, मिरच्या खाल्ल्यास तसाच. मला तशी जागा नको. तुला मी तिथे हवी असेन तरच यायचंय. हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. लांब उत्तर लिहायचा तुला कंटाळा, तेव्हा नकोच लिहूस. निघेल त्या आगबोटीबरोबर सेंगकाकाला निरोप पाठव, एक किंवा दोन. तो हातोडा घेऊन बसलाय आणि मी त्याच्या शेजारी.

तुझीच,
पिकुल