दोन चरणांमधली जागा

प्रिय भिंगरी,

तू गेलीस आणि घर पूर्ववत लावण्याचे काम माझ्याकडे आले. परंतु मी अद्याप एकही वस्तू हलवलेली नाही. भिंतींवर टांगलेल्या रजया तशाच आहेत, खिडकीचा काळा पडदा तसाच आहे, आणि कपाटाला टेकवलेला थर्माकोलचा पांढरा तक्ताही जागचा हललेला नाही. काल तुझे बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, अण्णा, हे घर आहे की नाटक कंपनीचं गोदाम? मी म्हणालो, राहू दे आणखी थोडे दिवस. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. हल्ली मी काही वेगळे बोललो की ते असेच पाहतात. परंतु त्या वस्तू मी विसरलेलो नाही, मुद्दाम ठेवल्या आहेत; त्याचे कारण पत्राच्या शेवटी येईल. तोवर म्हाताऱ्याच्या लांबणीला तू नेहमीसारखी सांभाळून घे.

तू कॅमेरा घेऊन येणार असे कळले तेव्हा माझ्या मनात अवजड यंत्रे, केबलींची भेंडोळी आणि चार माणसे असे काहीतरी चित्र होते. प्रत्यक्षात तू एकटी आलीस आणि तुझ्या पेटीतून निघाले नळकाम करणाऱ्याकडचे प्लॅस्टिकचे पाईप, खाकी टेप, कपड्यांचे चिमटे, बटर पेपर आणि बाजारात न्यायची एक कापडी पिशवी. माझा चेहरा पाहून तू हसलीस. म्हणालीस, आजोबा, कॅमेरा काही फार भारी नाही, जुनाच घेतलाय. पण त्याचा गोतावळा मी चांगला जमवलाय, आणि सगळा स्वस्तातला. त्या एका शब्दाने माझी भीती गेली. गोतावळा म्हटल्यावर त्यात आपलीही कुठेतरी जागा असणार, असे वाटले.

मग मी जे पाहिले त्याचे वर्णन करताना आजही माझी लेखणी अडखळते. ट्रायपॉडचा एक पाय सैल होता. तू त्या कापडी पिशवीत अंगणातली खडी भरलीस आणि ती तिन्ही पायांच्या मधोमध टांगलीस. एवढे केल्यावर तो डगमगणारा सांगाडा असा स्थिर झाला, की तुझ्या बाबांनी दार आपटले तरी हलला नाही. आसन स्थिर असावे असे मी आयुष्यभर शिकवत आलो. ते स्थिर कशाने होते हे कुणी विचारले असते तर मीही शब्दांचाच डोंगर रचला असता. तू फक्त ओझे मध्यावर आणलेस.

नंतर दिवा आला. पाटीएवढा चपटा, आणि त्याच्याकडे पाहवेना इतका प्रखर. तू त्यापुढे चिमट्यांनी बटर पेपर लावलास आणि सहज बोलून गेलीस, उजेड फार कडक आहे, जरा मऊ करते. भिंगरी, तेजाविषयी मी किती प्रवचने केली असतील. पण उजेड कडक असतो आणि मऊ करता येतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. तोच दिवा, तीच खोली, पण माझ्या हातावरच्या शिरा, ज्या आधी दोरखंडासारख्या दिसत होत्या, त्या एकाएकी हाताच्या होऊन गेल्या. थर्माकोलचा तक्ता तू दुसऱ्या बाजूला धरलास तेव्हा अंधारात बुडालेला माझा अर्धा चेहराही वर आला. मूळचे तेज सामान्य डोळ्यांना सोसेल असे करून देणे, हेच तर भाष्यकाराचे काम. तू ते एका कागदाने केलेस आणि वर विचारलेस, आजोबा, डोळ्यांत पाणी का आलं, दिव्याचा त्रास होतोय का? मी हो म्हणालो. ते खरे नव्हते.

सुतारकाकांना तू फळी आणि जुन्या स्केट्सची चाके देऊन जी गाडी करवून घेतलीस, तिच्यावरून कॅमेरा माझ्या तोंडापासून हातापर्यंत सरकत यावा अशी तुझी योजना होती. कारण स्वर कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे आपल्या वेदपाठात हात सांगतो. सुतारकाका परवा भेटले तेव्हा म्हणाले, अण्णा, पन्नास खुर्च्या केल्या तरी कुणी परत विचारत नाही. तुमची नात मात्र तीनदा येऊन गेली, चाक कुरकुरतंय म्हणून. शेवटी मीच म्हटलं, बाई, चाकाला तेल देतो, पण तुझं तोंड बंद करायला काय देऊ? त्यांना अजूनही त्या विनोदाचे हसू आवरत नाही.

पण सर्वांत मोठा धडा तू मला आवाजाचा दिलास. खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन टाळ्या वाजवल्यास आणि कान देऊन उभी राहिलीस. म्हणालीस, ही खोली उलट बोलते, आधी तिला गप्प करायला हवं. म्हणून या रजया. मग माझ्या सदऱ्याला हरभऱ्याएवढा माइक लावलास आणि त्याची तार माझ्या खिशातल्या छोट्या रेकॉर्डरला जोडलीस. कॅमेऱ्याच्या डोक्यावर केसाळ टोपडे घातलेला दुसरा माइक होता; तुझ्या बाबांनी त्याला खार ठरवून त्याच्यापुढे शेंगदाणा धरला होता. तू मला समजावून सांगितलेस की खरा आवाज खिशातला. कॅमेऱ्यावरचा केवळ जुळवणीपुरता. सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही आवाज एकमेकांना जुळवायचे, आणि मग कॅमेऱ्याचा टाकून द्यायचा. हेडफोन लावण्याची सोयही या कॅमेऱ्याला नाही, त्यामुळे त्यात काय येतंय ते तेव्हा ऐकूही येत नाही, असेही तू म्हणालीस. मी मान डोलावली. ते वाक्य इतके महत्त्वाचे ठरेल, हे तुला किंवा मला कसे कळावे?

हे सारे कशासाठी चालले आहे, हे आपण दोघांनी एकमेकांना उघडपणे कधी सांगितले नाही. डॉक्टरांनी माझ्या मेंदूचे छायाचित्र उजेडावर धरून तुझ्या बाबांना काहीतरी दाखवले, तेव्हा मी समोरच होतो. आधी माणसांची नावे जातील, मग गोष्टींचा क्रम जाईल, असे ते म्हणाले. नावे गेल्याचे मला दुःख नाही. माझ्या गुरुजींना अखेरीस स्वतःचे नावही आठवत नसे आणि ते प्रसन्न असत. पण त्यांनी मला दिलेला हा पाठ त्यांच्या पद्धतीने म्हणणारा आता मी एकटाच आहे. अक्षरे छापलेली मिळतात. पण श्वास कुठे तोडायचा, कोणता स्वर किंचित दाबून मग सोडायचा, हे कुठेही लिहिलेले नाही. ते एका मुखातून दुसऱ्या मुखात जाते, किंवा जात नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने विमा कंपनी धरली, एकाचा घसा गेला, शेवटचा सातासमुद्रापार गेला आणि तिथून आदराने नमस्कार पाठवतो. म्हणून तू आलीस. यंत्र तरी लक्षात ठेवील, एवढीच आपल्या दोघांची आशा होती. निघताना सामान गाडीत ठेवताना तू म्हणालीससुद्धा, आजोबा, मला यातलं अक्षर येत नाही, म्हणून निदान मशीन तरी लावून दिलं.

ते खरेच होते. मी तुला कधी शिकवले नाही आणि तू कधी शिकायला बसली नाहीस. मुले पाठाला बसत, तेव्हा तू त्याच खोलीत स्वतःभोवती गरगर फिरत असायचीस, भोवळ येऊन पडायचीस आणि पुन्हा उठायचीस. तुझे हे नाव त्याच दिवसांतले.

चित्रीकरणाच्या वेळी माझ्याकडून एक चूक झाली, ती तुला पहिल्याच आवर्तनात खटकली. आजोबा, प्रत्येक ओळीनंतर एवढं थांबताय कशाला? मी म्हणालो, मला थांबावेच लागते. आमची संथा अशी असते की गुरू चरण एकदा म्हणतो आणि विद्यार्थी तोच दोनदा म्हणून परत देतो. ते दोन वेळा परत येईपर्यंत माझी जीभ पुढे सरकतच नाही. समोर विद्यार्थी असो, भिंत असो की तुझ्या कॅमेऱ्याची काच. मी प्रयत्न करून पाहिला, तर ओळच मोडली. तू म्हणालीस, बरं, असू दे, मोकळ्या जागा मी नंतर कापून टाकीन.

आणि मग ती वेळ आली. उत्तरार्धात एका ठिकाणी चरण संपला, मी थांबलो, आणि पुढचा चरण नव्हताच. पायरी असावी म्हणून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावे, तसे झाले. मी कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहत राहिलो. काचेत माझाच एक लहानसा चेहरा होता आणि त्यालाही काही येत नव्हते. तू कॅमेऱ्यामागे वाकून भिंगाचे कडे फिरवत होतीस; तुला वाटले मी नेहमीसारखाच थांबलो आहे. इतक्यात चरण आला. कुठून आला ते कळले नाही; तो ओठांवर होता एवढेच. मी त्याला गुरुकृपा मानले आणि सायंकाळी गुरुजींच्या तसबिरीपुढे बराच वेळ बसलो. तुला काही सांगितले नाही.

जाताना तू लॅपटॉपवर कॅमेऱ्यातली कच्ची प्रत ठेवलीस, कानांवर बसणारे मोठे हेडफोन ठेवलेस आणि सांगितलेस, यातला आवाज कॅमेऱ्याचा आहे, ओबडधोबड असेल. पण उच्चारात कुठे चूक वाटली तर कळवा. माझे कान आता समोरच्या माणसाचे कुजबुजणे टिपत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. त्या हेडफोनांनी मात्र मला कान परत दिले. मागच्या रजईला घासणारा माझा सदरा मला ऐकू आला. गाडीची चाके ऐकू आली. आणि माझा पहिला चरण संपल्यावर, त्या मोकळ्या जागेत, कुणीतरी तो चरण परत म्हणत होते.

मला वाटले बाहेर कुणी आहे. मी हेडफोन काढले. खोली तुझ्या रजयांनी गप्पच होती. पुन्हा लावले. अगदी हलका, श्वासाएवढा आवाज. चरण एकदा, मग पुन्हा एकदा. पुढच्या चरणानंतर तसेच. त्याच्या पुढच्या चरणानंतरही. मला माझी शंका आली, डॉक्टरांचे चित्र आठवले, म्हणून तुझ्या बाबांना बोलावून त्यांच्या कानांवर ते लावले. ते ऐकत उभे राहिले, आणि म्हणाले, अण्णा, ही तर आपली भिंगरी आहे.

मग मी सारा पाठ आरंभापासून अखेरपर्यंत ऐकला. एकही जागा रिकामी नाही. एका ठिकाणी बॅटरी संपत आली तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या म्हणण्याच्या मध्ये तू पुटपुटली आहेस, अरे देवा, गेली ही. आणि त्यानंतर दुसऱ्यांदाचा चरण जिथल्या तिथे पुरा केला आहेस. श्वास तिथेच तुटतो जिथे माझे गुरुजी तोडत. दाबून सोडायचा तो स्वर तू दाबून सोडतेस. आणि उत्तरार्धातल्या त्या जागी मी थांबलेलो आहे, तुझा चरण दोनदा म्हणून झाला आहे, माझ्याकडून काहीच येत नाही, आणि मग कॅमेऱ्यामागून तू पुढच्या चरणाची पहिली अक्षरे म्हटली आहेस. माझा आवाज त्यानंतरचा आहे. माझ्या बहिऱ्या कानांनी ती कशी घेतली हे मला सांगता येणार नाही. तुझ्या ओठांनी ती दिली हे तुला ठाऊक नाही. देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि तरी चरण पुढे गेला. श्रुतीविषयी मी जे काही वाचले, सांगितले, ते सारे त्या एका जागेपुढे हात जोडून उभे आहे.

आज तुझ्या बाबांच्या फोनवर तुझा निरोप आला की मोकळ्या जागा कापून आणि कॅमेऱ्याचा आवाज काढून टाकून येत्या रविवारपर्यंत काम पुरे करतेस. म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट ऐकू आले नसते, आणि तू हसण्यावारी नेले असतेस. तुझ्या बाबांच्या हाती ते आजच पाठवत आहे, सोबत हेडफोनही. त्या जागा कापू नकोस. कॅमेऱ्याचा आवाज टाकू नकोस. आधी तो एकटीने ऐक. आणि मग तुझा गोतावळा घेऊन पुन्हा ये. रजया, पडदा, तक्ता सारे जागच्या जागी आहे. या वेळी दिव्यासमोर तू बैस आणि चरण एकदा म्हण. कॅमेऱ्यामागे मी उभा राहीन. दोनदा म्हणण्याचे काम आता माझे. जितके दिवस येईल तितके दिवस मी तुला ते परत देत राहीन.

तुझाच,
संथेला वेळेवर येऊन बसणारा
आजोबा