उतरत्या खांद्याचा शर्ट

प्रिय धाकट्या,

फोनवरचं तुझं 'ठणठणीत' मला पटलं नाही, म्हणून लिहायला बसले. माझं म्हणशील तर ऑपरेशनची जखम भरली. त्रास आहे तो जेवणानंतरचा. जठराचा मोठा भाग काढल्यामुळे खाल्लेलं थेट आतड्यात कोसळतं, मग हार्मोन्सचा गोंधळ उडतो, इन्सुलिन नको तितकं येतं आणि तासा-दोन तासांत साखर धाडकन उतरते. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, मी मान डोलावत होते. पण त्या वेळात माझे हात काय करतात, ते सांगायचा धीर झाला नाही.

घाम फुटतो, छाती धडधडते, समोरचं सगळं लांब जातं. भानावर येते तेव्हा मी शिवणाच्या दुकानात कापायच्या टेबलाशी उभी, हातात कात्री आणि पुढ्यात पुरुषाचा शर्ट कापलेला. ते माप कुणीच दिलेलं नसतं. पहिल्यांदा आमचे हे हसले, म्हणाले, शुद्ध हरपली तरी धंदा सोडत नाहीस. दुसऱ्यांदाही तेच माप निघालं तेव्हा टेप घेऊन दोन्ही शर्ट मोजत बसले.

आता थोडं थोडं खाते. गोड बंद, जेवताना पाणी नाही, पहिल्या घासाबरोबर गोळी आणि जेवून आडवं पडायचं. चिमणीनं कीव करावी असं माझं ताट. पण गुण आला. घेरी थांबली, कापणंही थांबलं.

परवा दुपारी जेवून पडले आणि उठले. डोकं स्वच्छ होतं, साखर मोजली तर अगदी बरोबर. दुकानात गेले तर टेबलावर तिसरा शर्ट, आधीच्या दोन्हींपेक्षा अरुंद. कात्रीची मूठ अजून कोमट होती. मी फार घाबरले रे.

तिन्ही शर्टांचा डावा खांदा बोटभर उतरता आहे. झाडावरून पडून मोडलेला तसला खांदा आपल्या घरात एकाचाच. गळा आणि छाती मात्र तुझी नाही, निदान मी तुला शेवटचं पाहिलं तेव्हाची नाही. पोटातली गाठ सापडण्याआधी बाबांचे कपडे असेच ढगळ होत गेले होते, मग माझे. आम्ही दोघंही ठणठणीतच म्हणत होतो.

तिसरा शर्ट शिवून सोबत पाठवते आहे. घालून बघ. बटण लागलं नाही तर ताईला भ्रम झालाय म्हणून पोटभर हस, मला आनंदच होईल. पण नीट बसला, तर काढू नकोस. तसाच पोटाच्या डॉक्टरांकडे जा. चौथा मला कापायचा नाही.

तुझीच,
ताई