प्रार्थनेला खुर्ची सरकवणारा

लुईस बेट,
सोमवार, ४ मे २०२०

प्रिय टॉर्मोड,

आई ठीक. मेंढ्या ठीक, कोकरं झाली, एक गेलं. वारा नेहमीचाच. हे कालच लिहिणार होते, पण काल रविवार, आणि रविवारी पेन हातात घेतलं की आई कशी बघते ते तुला ठाऊक आहे. अक्षराला हसू नकोस. मी शाळेत किती टिकले ते तू पाहिलंयस. फोनच केला असता, पण फोनवर तू हवामान सोडून दुसरं काही बोलत नाहीस.

मला एक कोडं पडलंय, ते तुला घालते.

साथीमुळे चर्च बंद आहे. तिकडे ग्लासगोतही असतीलच. आपल्या मंडळीत निम्म्यांकडे भिंतीवरचा जुना फोन, म्हणून पाळकांनी फोनवरच उपासना सुरू केली. नंबर फिरवायचा, की यंत्रातली एक बाई नाव विचारते. आपण सांगायचं, मग ती आपलाच आवाज सगळ्यांना ऐकवते आणि पुढे "सामील झाले" जोडते. पहिल्या खेपेला शेजारच्या इफीने तिला स्वतःचं, बापाचं, आज्याचं नाव सांगून घर कुठल्या वळणावर आहे तेही सांगितलं. कोपऱ्यावरचा केनी जन्माचा संशयी. तो म्हणाला, "कोण विचारतंय?" तर बाईने सगळ्यांना कळवलं, "कोण विचारतंय सामील झाले." आता तो दर रविवारी तेच म्हणतो, मुद्दाम.

गाताना आपापला आवाज बंद ठेवा, असं पाळकांनी बजावलं होतं. फोनवर आवाज मागेपुढे पोचतात, गोंधळ होतो. शहरातल्या, इंग्रजीत गाणाऱ्या मंडळीत झालाही म्हणे. आमच्यात ते बटणच कुणाला सापडलं नाही. बाबांच्या जागेवर आता आयव्हर. त्याने आपल्या गेलिक भाषेत स्तोत्राची ओळ एकट्याने गाऊन सोडली आणि आम्ही मागून झेलली, ज्याने त्याने आपल्या वेळेने, आपल्या मुरक्या घेत. आणि काहीही बिघडलं नाही. आपण एका तालात गायलोय कधी? लाटा काय सगळ्या एकदम किनाऱ्याला लागतात? पाळक नव्या दमाचे आहेत, पण कान शाबूत आहे त्यांचा. म्हणाले, "बटण राहू द्या."

आता कोडं. दर रविवारी एक लाइन अशी येते, की नाव विचारलं तरी उत्तर नाही. बाई नुसती शांतता ऐकवते आणि म्हणते, "सामील झाले." इफीचं म्हणणं, रस्त्यापलीकडच्या मंडळीतलं कुणीतरी चोरून ऐकतंय, आपलं प्रवचन लांबलं की त्यांना बरं वाटतं. केनीला वाटतं, सरकार. सरकारला तुझ्यात काय रस, असं मी विचारलं तर रुसला.

न कळलेली गोष्ट मला दातात अडकल्यासारखी टोचते. मी कान लावून बसायला लागले. आई म्हणे, देवाचं ऐक. म्हटलं, एक कान आहे त्याच्याकडे.

पहिलं कळलं ते असं. पाळक "प्रार्थना करू या" म्हणाले, की त्या लाइनवर खुर्ची सरकते. स्तोत्र आलं की परत सरकते. म्हणजे माणूस प्रार्थनेला उभा राहतो आणि गायला बसतो. बाहेरचे लोक उलट करतात. तेव्हा हा आपल्यातला. आणि घरात बघायला कुणी नसतानाही उठतो. दुसरं, मधूनच तिथे आगगाडी जाते. या बेटावर आगगाडी कुठून आणायची?

हे मी कुणाला बोलले नाही. इफीला सांगणं म्हणजे दवंडी.

मग आयव्हरला दवाखान्यात नेलं. छातीचंच. जगेल म्हणतात, पण नळ्या घालून घसा गेलाय, यंदा ओळ सोडणं नाही. दुसरं कोण उरलंय? पाळकांनी कुठूनशी बाबांच्या आवाजातली जुनी कॅसेट मिळवली आणि ती फोनला लावली.

वर आई ठीक लिहिलंय. ठीक म्हणजे बसते, चहा घेते. हृदय थकलंय. नर्स दाराबाहेर उभी राहून सांगते, दवाखान्यात हलवा. आई म्हणते, तिथे रविवारी फोन कोण लावून देणार? श्वास पुरत नाही, त्यामुळे एक ओळ संपवायला तिला फार वेळ लागतो. पण अर्धी सोडत नाही. तिला दुसरं काही नको झालंय, टॉर्मोड. तेवढी ओळ हवी, जिवंत माणसाने सोडलेली.

बाबांचा आवाज आला तेव्हा मी फोनकडे सरकले. आईने मात्र फोन मांडीवर ठेवला. म्हणाली, "सोडतोय छान. पण थांबत नाही." खरंच होतं. शेवटची म्हातारी पोचल्याशिवाय बाबा पुढची ओळ उचलायचे नाहीत. कॅसेटला म्हातारी कुठे दिसते?

काल पुन्हा तीच कॅसेट. आई मागे पडली, मग इफी, मग सगळेच अडखळले आणि बाबा एकटे पुढे निघून गेले. पाळकांनी कॅसेट बंद केली. आई मात्र तुटक श्वासात आपली ओळ ओढतच होती. तेवढ्यात त्या बिननावाच्या लाइनवरून कुणीतरी तिच्या सुराखाली सूर धरला. ती पोचेपर्यंत धरला. मग पुढची ओळ सोडली, वळणं बाबांची, आवाज जाड. आम्ही झेलली. ओळ संपली आणि लाइन गेली.

पाळकांनी विचारलं, कोण होतं. केनी म्हणाला, "कोण विचारतंय?" या वेळी कुणी हसलं नाही.

आईच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं, उगाच कशाला लिहू. म्हणाली, "टॉर्मोडला खोकला झालाय का, विचार."

तर विचारते. झालाय का?

बाबांना पुरल्यावरच्या रविवारी तू त्यांच्या जागी ओळ सोडायला बसलास, दुसऱ्याच ओळीला तुझा घसा मिटला, आयव्हरने मागून ओळ उचलली आणि तू उठून गेलास तो थेट बोटीवर. गावाला जे बोलायचं ते गाव बोललं. आई इतक्या वर्षांत अक्षर बोलली नव्हती. काल बोलली. "घसा बसला त्याचं काही नाही, बाबांचाही बसायचा. माझी ओळ व्हायची होती आणि हा निघाला, एवढंच." मग जरा वेळाने, "आज थांबला."

मी पाळकांना म्हटलं, येत्या रविवारी कॅसेट बिघडली म्हणून सांगा. ते म्हणाले, मर्डिना, खोटं कसं सांगू? म्हणून ऐकायला हवी आहे असं सांगून मी ती कॅसेट त्यांच्या पायरीवरून घेऊन आले. आता माझ्या कपाटात आहे आणि रविवारी तिथेच राहील. पाळकांना काय वाटायचं ते वाटो. ओळ सोडायला दुसरं कुणी नाही.

यंत्राला नाव सांगू नकोस, कुणी मागत नाही. खुर्ची सरकली की मला कळेल. नाही सरकली तर तेही कळेल, आणि नवीन वर्षाला फोनवर आपण हवामान बोलू.

एक मात्र अजून कळलं नाही. ती गाडी इतक्या जवळून जाते, तर तू झोपतोस कसा? कधीतरी सांग.

आईला वेळ लागतो, पण ती पोचते. आम्ही फोन धरून बसलेल्या असू.

तुझी बहीण,
मर्डिना